चिऱ्याच्या भिंतीवर अँटेनाचा खांब: ब्रॅकेट कसली, कुठे आणि कशी बसवावी?

खाडीकाठ | १४ मार्च, रात्री १०:२०

मंडळी, मदत हवी आहे. दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मधे माळा, वर मंगलोरी कौलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी पुण्यात होतो आणि आई-बाबा घरी. वीज गेली, टॉवर गेले, फोन बंद. चौथ्या दिवशी गावातला एकजण रेंज शोधत खेडच्या बाजूला गेला आणि तिथून त्याने कळवलं, "घर उभं आहे, माणसं धड आहेत, माड सगळे आडवे." त्या चार दिवसांनी डोक्यात हौशी रेडिओचं (हॅम, म्हणजे मोबाइल टॉवरशिवाय थेट रेडिओवर बोलण्याचं) खूळ शिरलं. परीक्षा दिली, परवाना आला, आता घरावर अँटेना चढवायचा आहे.

अँटेना फायबरग्लासचा, उभा, अडीच मीटर लांब, १४४ आणि ४३४ मेगाहर्ट्झचा. वजन दीड किलोच्या आत. बेत असा होता: दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा अख्खा वीस फुटी नग घ्यायचा, घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीला दीड फुटाच्या अंतराने दोन ब्रॅकेट मारायची आणि साडेचार मीटर पाइप वर मोकळा सोडायचा. जितका उंच तितका चांगला, असा हिशेब.

गेल्या आठवड्यात तालीम केली आणि तिथेच माशी शिंकली. दुकानदाराने तयार ब्रॅकेट आणि १० मिलिमीटरचे अँकर फास्टनर दिले. "काँक्रीटमधून गाडी ओढाल याने," म्हणाला. चिऱ्यात ड्रिल घातलं तर पहिले दोन इंच कुरकुरत गेलं, मग एकदम आत घुसलं. भोकातून विटकरी रंगाचा ओलसर भुगा. फास्टनर ठोकला, नट आवळायला घेतला. आवळतोय, आवळतोय, घट्ट होतोय असं वाटतंय, आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं की बोल्ट अर्धा इंच बाहेर आलाय. मी तो आवळत नव्हतो, उपटत होतो.

तर प्रश्न: (१) चिऱ्यात काय धरतं? (२) ब्रॅकेट तयार घ्यावी की बनवून? (३) ताणाच्या तारा लागतील का? अंगणात तारा नकोत असं आईचं म्हणणं आहे. कपडे वाळत घालायची जागा जाते.

गवती_चहा | १४ मार्च, रात्री १०:५१

धागा रोचक. मला अँटेनातलं शष्प कळत नाही, पण "मी तो उपटत होतो" हे आमच्या घरातल्या प्रत्येक दुरुस्तीचं वर्णन आहे. बसून वाचतोय.

निवृत्त_फिटर | १५ मार्च, सकाळी ६:१२

चिऱ्यात अँकर फास्टनर मारणारा तुम्ही पहिले नाही. फास्टनर धरतो कसा ते आधी समजून घ्या. नट आवळला की आतली शंकूसारखी बाजू मागे ओढली जाते, बाहेरची नळी फाकते आणि भोकाच्या भिंतीला दाबून बसते. समोरचा दगड त्या दाबाला पुरला पाहिजे. काँक्रीट पुरतं. जांभा नाही पुरत. बाहेरची कातडी हवेने कडक झालेली असते, आत पिवळ्या-पांढऱ्या मातीचे खिसे असतात. तुमचं ड्रिल "एकदम आत घुसलं" ते अशाच खिशात. तिथे नळी फाकली की माती दबते आणि सगळा कारभार बाहेर.

प्लास्टिकच्या गिट्ट्या तर विचारूच नका. त्या कॅलेंडर टांगायला.

माझं मत: आरपार बोल्ट. १२ मिलिमीटरचा आट्यांचा रॉड, म्हणजे आपला चार सूती, भिंतीच्या आरपार घालायचा आणि आतून दोन सूत जाडीची प्लेट लावायची. मग दगड ओढ झेलत नाही, फक्त दोन प्लेटांच्या मधे दाबला जातो. दाब जांभा मस्त झेलतो, नाहीतर तुमचं घर उभं कसं राहिलं असतं?

लेस्टरकर | १५ मार्च, दुपारी ३:४०

इकडे इंग्लंडात याला टी आणि के ब्रॅकेट म्हणतात, आकारावरून. जोडीनेच मिळतात. माझ्या घराची भिंत विटांची. बसवणाऱ्या माणसाने दोन नियम सांगितले ते सांगतो. बोल्ट विटेच्या मधोमध मारायचा, दोन विटांमधल्या चुन्यात किंवा सिमेंटमध्ये कधीच नाही. आणि वर जितका खांब मोकळा, त्याच्या निदान एक तृतीयांश अंतर दोन ब्रॅकेटमध्ये हवं. तुमचे साडेचार मीटर वर आणि दीड फूट मधे, हे त्या नियमात कुठेच बसत नाही.

रसायनाचे अँकर मिळतात का तिकडे? भोकात जाळीची नळी घालून रेझिन भरतात, ते खिशांमध्ये पसरून गोठतं. पोकळ विटांना इकडे तेच वापरतात.

निवृत्त_फिटर | १५ मार्च, दुपारी ४:०५

केमिकल अँकर मिळतात, वापरलेतही. पण भोकातला भुगा ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढला तरच. चिऱ्यातला भुगा ओला असतो, भोकाच्या भिंतीला पिठासारखा चिकटून बसतो. रेझिन त्या पिठाला धरतं, दगडाला नाही. भिंत आरपार जाता येत असेल तर कशाला त्या भानगडीत पडता?

खाडीकाठ | १५ मार्च, रात्री ९:३०

आरपार जाता येईल. त्रिकोणी भिंतीच्या मागे माळाच आहे. तिथे भाताचे जुने कणगे आणि आजीच्या लोणच्याच्या बरण्या आहेत, प्लेट कोणाला दिसायची नाही. फक्त खालचं ब्रॅकेट देवघराच्या वर येतंय. आजीने विचारलंय की भोक नक्की किती वर.

सळई_आणि_वाळू | १६ मार्च, सकाळी ११:१८

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पुण्यात. धाग्यात सगळे ब्रॅकेटबद्दल बोलतायत, पण खाडीकाठ, तुमचा खरा घोटाळा त्या दीड फुटात आहे. आकडे मांडते, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

वाऱ्याचा दाब काढायचं आपल्याकडचं मानक आयएस ८७५, भाग ३. त्यात मुंबईला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, पुण्याला ३९. तुमच्या किनाऱ्याला सावधगिरी म्हणून ४४ घेऊ, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग: चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, आपल्या भाषेत ११८ किलो. गोल पाइपासाठी १.२ ने गुणलं की साधारण १४२.

तुमचा बेत: वरच्या ब्रॅकेटच्या वर साडेचार मीटर पाइप, त्यावर अँटेना. पाइपावर येतात ३१ किलो, अँटेनावर १२. एवढंच? हो, एवढंच. म्हणूनच लोक फसतात. पण हे १२ किलो पावणेसहा मीटर लांबच्या तरफेच्या टोकाला आहेत. वरच्या ब्रॅकेटपाशी सगळं मिळून १४० किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतर नव्हे) पीळ, म्हणजे खांब वाकवणारा जोर, येतो. तो दीड फुटात, म्हणजे ०.४५ मीटरमध्ये झेलायचा तर खालच्या ब्रॅकेटवर ३१० किलो आणि वरच्यावर ३५० च्या वर. दीड किलोच्या अँटेनासाठी!

शिवाय ब्रॅकेट टिकलं तरी पाइप टिकणार नाही. दीड इंची, बी क्लास, ३.२ मिलिमीटर जाडी धरली तर ब्रॅकेटपाशी ताण २८५ मेगापास्कलच्या घरात जातो. या पाइपाचं पोलाद दोनशेच्या पुढे-मागे वाकायला लागतं.

आता हेच बदलून बघा. वर फक्त ३ मीटर, दोन ब्रॅकेटमध्ये ४ फूट. पीळ ८४ वर येतो. खालच्या ब्रॅकेटवर ७०, वरच्यावर १०३. पाइप बी क्लासऐवजी सी क्लास, ४ मिलिमीटर जाडीचा घेतलात तर ताण १४५ च्या आत. लाल पट्टा बघून घ्या, निळा म्हणजे बी आणि पिवळा म्हणजे ए.

थोडक्यात, दीड मीटर उंची सोडा आणि अडीच फूट अंतर वाढवा, वरच्या ब्रॅकेटचं काम एक तृतीयांशावर येईल. ब्रॅकेट जाड करून हे कधीच साधणार नाही.

गवती_चहा | १६ मार्च, सकाळी ११:४४

शेवटचा परिच्छेद वाचला. मग लाज वाटून पहिला पण वाचला.

खाडीकाठ | १६ मार्च, दुपारी १:१०

ताई, डोळे उघडले. एक शंका. कौलांची वळचण भिंतीच्या दहा इंच बाहेर येते. म्हणजे पाइप भिंतीपासून फूटभर लांब ठेवावा लागणार. त्याने काही फरक पडतो?

सळई_आणि_वाळू | १६ मार्च, दुपारी १:५२

चांगला पडतो. वारा भिंतीला काटकोनात असेल तेव्हा बोल्ट सरळ ओढले-ढकलले जातात. पण वारा भिंतीच्या कडेकडेने वाहिला की तो पाइपाला बाजूला ढकलतो आणि ब्रॅकेट दाराच्या बिजागरीसारखं फिरू बघतं. १०३ किलो फूटभर लांबीवर म्हणजे ३१ किलो-मीटर. प्लेटवरच्या बोल्टांच्या दोन उभ्या रांगांमध्ये सहा इंचच अंतर असेल तर एका बाजूचे दोन बोल्ट मिळून दोनशे किलोने ओढले जातील. तेच अंतर आठ इंच केलं तर दीडशे. तयार मिळणाऱ्या ब्रॅकेटच्या प्लेटा बहुधा अरुंद असतात, त्या सहा इंच लांब दांड्याच्या हिशेबाने केलेल्या. तुम्हाला बनवूनच घ्यावी लागतील, आणि दांड्याला आडवा तिरका आधार हवाच.

आणि हो, सगळ्यात वरच्या दोन थरांत बोल्ट नको. त्यांच्यावर वजन नसतं, अख्खा चिरा उचकटून यायचा. गच्चीच्या चार इंची कठड्याला खांब बांधणाऱ्यांनाही हेच सांगते, कोणी ऐकत नाही.

खारा_वारा | १६ मार्च, संध्याकाळी ७:२५

मालवणात राहतो, होडी आहे, म्हणून लोखंडाबद्दल चार शब्द. आमच्याकडे म्हणतात तसं, गंज कोणाक सोडना नाय. दुकानात पिवळसर चमकणारे नटबोल्ट मिळतात, ते विजेवर पातळ जस्त चढवलेले. एका पावसाळ्यात त्यांचा रंग चहाचा होतो आणि दुसऱ्यात ते भजी होतात. ब्रॅकेट वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या, हॉट डिप. नटबोल्ट स्टेनलेसचे, शक्य तर ३१६. ३०४ पण चालतील, डाग पडतील इतकंच.

पण एक खोड सांगतो. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडा आणि भराभर आवळला की आटे एकमेकांत चिकटतात, मग ना पुढे ना मागे. कापावाच लागतो. आट्यांना ग्रीस लावा आणि पान्याने सावकाश आवळा, मशीनने नाही.

निवृत्त_फिटर | १६ मार्च, रात्री ८:१०

यांच्याशी सहमत. भर घालतो: वेल्डिंग आणि भोकं सगळी आधी, जस्तात बुडवणं नंतर. नंतर एक जरी भोक पाडलंत तरी तिथून गंज सुरू. आणि दांडा चौकोनी पाइपाचा केलात तर त्याची टोकं बंद करू नका, जस्ताची कढई साडेचारशे डिग्रीची असते. बंद पाइपात हवा-पाणी अडकलं तर तो फुटतो. त्यापेक्षा ४०-४०-५ चा अँगलच वापरा, पाणी साचायला जागाच नाही.

पेठेतला_अर्धा | १६ मार्च, रात्री ११:३७

थोडं अवांतर. पुण्यात १९७३ ला सिंहगडावरून दूरदर्शन दिसायला लागलं तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि अँटेना कौलांवर बांबूला सुतळीने बांधलेला. अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे. वादळ आलं की वडील मला वर चढवत आणि खालून ओरडत, "आता? आता? थोडा डावीकडे!" ब्रॅकेट म्हणजे मीच.

खाडीकाठ | १७ मार्च, सकाळी ८:०२

:) माझ्या बाबांनाही तुमचा किस्सा वाचून दाखवला. तारांबद्दल कोणी बोललं नाही अजून.

सळई_आणि_वाळू | १७ मार्च, सकाळी ९:२०

३ मीटरला तारा नकोत. बेताल लावलेल्या तारा नसलेल्या बऱ्या, जास्त ताणल्या की पाइपाला खाली दाबतात आणि सैल असल्या की नुसता दिखावा. आईंना कपडे वाळत घालू दे.

तारांपेक्षा महत्त्वाचं: खांब मुळासकट आडवा झाला तर कुठे पडेल? त्या वर्तुळात विजेची तार येते का? घराकडे येणारी सर्व्हिस लाइनसुद्धा धरा. येत असेल तर जागा बदला, यावर चर्चा नाही. चढवतानाही तेच, हातातला जीआय पाइप आणि विजेची तार ही जोडी दरवर्षी माणसं मारते.

खाडीकाठ | १७ मार्च, सकाळी ९:४१

सर्व्हिस लाइन पूर्वेच्या बाजूला आहे, ही पश्चिमेची भिंत. मोजून बघतो तरी.

खाडीकाठ | २१ एप्रिल, रात्री ११:०५

झालं काम! लांबण लावतो, पण पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

ब्रॅकेट फॅब्रिकेटरकडून बनवली. ४०-४०-५ चा अँगल, दोन सूत जाडीची प्लेट १० इंच बाय १० इंच, भोकं आठ इंचांवर, फूटभर दांडा, त्याला खालून एक आणि बाजूने एक तिरका आधार. तो म्हणाला, "यावर अँटेना लावताय की पाण्याची टाकी?" पुण्याहून जस्तात बुडवून आणली, येताना एसटीत पायाशी ठेवली होती.

भोकं बाहेरून पाडली, आतून बाहेर किंचित उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी आत झिरपायच्या ऐवजी बाहेर येईल. हे फिटरकाकांनी फोनवर बजावलं होतं. हातोडा बंद ठेवून नुसतं फिरवतच ड्रिल केलं. हातोडा चालू ठेवला की भोक अंडाकृती होतं आणि मागच्या बाजूला चिऱ्याचा ढलपा उडतो. पहिल्या भोकाला उडवला, तेव्हा कळलं. आजीची एक बरणी थोडक्यात वाचली.

आठ भोकांपैकी तिसरं नेमकं मातीच्या खिशात गेलं. काडी घातली तर इकडेतिकडे हलत होती. तिथे न आकसणारं ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरून चार दिवस थांबलो, मग त्यातून पुन्हा भोक पाडलं.

सगळ्यात मजा ओळंब्याची. वरचं ब्रॅकेट आधी बसवलं, त्याच्या यू-बोल्टच्या मधोमध ओळंबा सोडला आणि खालच्याची खूण केली. दोरी खाली आली तेव्हा भिंतीपासूनचं अंतर वरच्यापेक्षा पाऊण इंच जास्त. आमच्या पणजोबांची भिंत चार फुटांत पाऊण इंच बाहेर झुकलेली निघाली! ८० वर्षांत कोणाला पत्ता नाही. बाबा म्हणाले, भिंत तशीच राहू दे, पाइप सरळ कर. खालच्या प्लेटमागे जस्ताच्या पट्ट्या घालून पाऊण इंच भरून काढला. त्या न घालता आवळलं असतं तर पाइप कायमचा कलला असता नाहीतर प्लेट पिळली असती.

पाइप सी क्लास, पावणेपाच मीटर, एकवीस किलोच्या आसपास. दोघांनी धरला, तिसऱ्याने वरून दोरीने. पाइपाच्या बुडाशी एक आडवा बोल्ट आरपार घातलाय, तो खालच्या यू-बोल्टवर टेकतो, म्हणजे नट सैल झाले तरी पाइप सरकून खाली यायचा नाही. वरच्या तोंडाला टोपण, खाली पाणी निघायला मोकळं. वीस फुटी नगातला उरलेला चार फूट आईने ताबडतोब कपड्याच्या दोरीसाठी नेला.

भोक देवघरापासून सव्वातीन फूट वर. आजीने माळ्यावर येऊन फूटपट्टीने पाहिलं.

लेस्टरकर | २२ एप्रिल, पहाटे ३:५०

सुंदर काम. केबलला खाली वळसा दिलात ना, घरात शिरण्याआधी? नाहीतर पावसाचं पाणी केबल धरून थेट रेडिओपर्यंत येतं.

निवृत्त_फिटर | २२ एप्रिल, सकाळी ६:०५

आणि अर्थिंग? वळवाच्या विजा आल्याच दारात. पाइपापासून जीआयची पट्टी, २५ बाय ३, शक्य तितकी सरळ खाली अर्थच्या खड्ड्यात, आणि तो खड्डा घराच्या अर्थला जोडलेला. दोन वेगळे अर्थ ठेवले की वीज पडल्यावर फरकाचा विजेचा लोट तुमच्या रेडिओतून वाट काढतो. केबलवर सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक लोट अर्थकडे वळवणारं साधन. आणि हे सगळं करूनही ढग गडगडला की केबल काढून खिडकीबाहेर. थेट पडलेल्या विजेपुढे माझी पट्टी आणि तुमची श्रद्धा सारखीच.

खाडीकाठ | २२ एप्रिल, सकाळी ७:३०

वळसा दिलाय. पट्टी आज बसते, खड्डा घराच्या अर्थलाच जोडतोय. ब्रॅकेटच्या बोल्टांवर अर्थिंगसाठी विसंबू नका हे पण लिहा काका, एकाने मला तोच सल्ला दिला होता.

निवृत्त_फिटर | २२ एप्रिल, सकाळी ७:४४

लिहिलं असं समजा.

खाडीकाठ | ३० मे, रात्री १:१५

मंडळी, नवीन भानगड. वाऱ्याला जोर आला की रात्री घरभर भुंगा फिरल्यासारखा आवाज येतो. आईला वाटलं माळ्यावर मधमाश्यांचं पोळं आहे. बॅटरी घेऊन शोधलं. पाइप घुमतोय, आणि भिंत त्याची तबकडी झालीय.

खारा_वारा | ३० मे, सकाळी ८:२०

होडीच्या डोलकाठीला पण होतं हे. पाइप आणि ब्रॅकेट यांच्या मधे रबराची पट्टी घाला, जुन्या ट्यूबची पण चालेल. मग यू-बोल्ट पुन्हा आवळा, रबर दोन दिवसांत दबतं म्हणून परत एकदा आवळा. आणि पाइपात एखाददुसरं जास्तीचं भोक राहिलं असेल तर टेपने बंद करा, बासरी होते त्याची.

सळई_आणि_वाळू | ३० मे, सकाळी १०:४०

रबर फक्त खालच्या ब्रॅकेटला घातलं तरी बराच फरक पडेल. वरच्याला पातळ घाला, तिथे पाइप पक्का धरलेला हवा. आणि रबर घातल्याने पाइप ब्रॅकेटपासून विजेच्या दृष्टीने तुटेल, पण तुमची पट्टी थेट पाइपालाच आहे ना? मग ठीक.

खाडीकाठ | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

पावसाळा गेला, म्हणून वर आणतोय. खांब जागेवर. रबराने भुंगा ऐंशी टक्के गेला, उरलेला आईने स्वीकारला. आज शिडी लावून सगळं तपासलं. वरच्या ब्रॅकेटचा एक नट अर्धा फेरा सैल निघाला, बाकीचे जसेच्या तसे. स्टेनलेसवर हलके तपकिरी ठिपके. ब्रॅकेटवर एकाच ठिकाणी गंजाचा ओघळ आहे, जिथे मी अतिशहाणपणा करून नंतर केबलच्या क्लिपसाठी एक छोटं भोक पाडलं होतं. काका, माहीत आहे, बोलू नका.

माळ्यातल्या प्लेटांच्या आजूबाजूचा चिरा कोरडा, भेग नाही. संध्याकाळी सात वाजता बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि कोण कुठून बोलतंय ते वहीत लिहून घेतात.

निवृत्त_फिटर | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०३

बोलत नाही. ओघळ तारेच्या ब्रशने घासा आणि जस्ताचा रंग दोन हात.

नवा_भिडू | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

आज पहिल्यांदा वाचला धागा. सावंतवाडीला असंच घर आहे, मोबाइलच्या रेंजसाठी बाहेरचा अँटेना लावायचाय. ब्रॅकेटचं मोजमापाचं चित्र मिळेल का?

खाडीकाठ | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

उद्या कागदावर काढून फोटो टाकतो. मापं इंच आणि सुतात आहेत, मिलिमीटर मागू नका, फॅब्रिकेटर हसतो. आणि आधी भिंतीत एक बारीक भोक पाडून भुग्याचा रंग बघा, मग मला कळवा.